अंबाझरीचं पाणी आणि पंच्याऐंशी रात्री

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी नागपूरच्या घरांत शिरली. किमान चार जणांचा जीव गेला. हजारो घरांत चिखल झाला. गाद्या, फ्रीज, धान्य, वह्या-पुस्तकं, दुचाक्या यांचे पंचनामे झाले. तळमजल्यावरच्या टेबलांखाली आणि ड्रॉवरांत भिजलेल्या हार्ड डिस्कचा पंचनामा करायला मात्र कुठल्याच अर्जात रकाना नव्हता. डिस्कची किंमत लिहिता आली असती, तिच्यात साठलेल्या लग्नांची, बारशांची आणि गेलेल्या माणसांच्या शेवटच्या हालत्या-बोलत्या चित्रांची लिहिता आली नसती.

जीव गेलेल्यांपुढे फोटोंचं दुःख करू नये, हे खरं आहे आणि मी ते करत नाही. पण माणसांना वाचवायला त्या रात्री जेवढा वेळ हाताशी होता, तेवढा फोटोंना उरला नव्हता. त्यांचा वेळ आधीच संपला होता. तो कधी संपला, हे तासातासाने पाहणं म्हणूनच गरजेचं वाटतं. पुढच्या घटनाक्रमातला पाऊस, पाणी आणि बचावकार्य त्या रात्रीचंच आहे. स्टुडिओ नमुन्याचा आहे, कोणा एकाचा नव्हे. डागा ले-आउट किंवा कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या वस्तीत तळमजल्यावर दोन खोल्यांत चालणारा लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय समजा. त्याचे आकडे या धंद्यातल्या कोणालाही आपल्या कामाशी ताडून पाहता येतील.

मे 2023

लग्नसराईचा शेवटचा जोर. एका लग्नाला हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन. फोटोचे दोन कॅमेरे, व्हिडिओचे दोन. रॉ फाइल म्हणजे सेन्सरने टिपलेला सगळा ऐवज, कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने काहीही न टाकता ठेवलेला. नवरीच्या चेहऱ्यावर सभागृहाचा जांभळा दिवा पडला असेल, तर तो रंग रॉमधून काढता येतो, जेपेगमधून पुरता निघत नाही. या श्रीमंतीची किंमत जागेत मोजावी लागते. फ्रेमला सरासरी 30 एमबी धरले, तर पाच हजार फ्रेमचे 150 जीबी होतात. 100 एमबीपीएस दराने चित्रित केलेला फोरके व्हिडिओ तासाला 45 जीबी खातो, म्हणजे दोन कॅमेऱ्यांचे पाच-पाच तास धरून 450 जीबी. एका लग्नाचे 600 जीबी झाले.

रात्री दीड-दोनला घरी येऊन कार्डं रिकामी करायची, कारण सकाळी कोराडी रोडच्या लॉनवर दुसरं लग्न. डेटा डिस्कवर उतरतो, दोन-चार फाइली उघडून पाहिल्या जातात आणि कार्ड फॉरमॅट होतं. माझ्या मते आपत्तीचं घड्याळ इथे सुरू होतं. कार्ड फॉरमॅट झालं त्या क्षणी त्या लग्नाची एकुलती एक प्रत एका फिरत्या तबकडीवर उरते. काळजी घेणारा माणूस दुसऱ्या डिस्कवरही उतरवतो. ती दुसरी डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहते. डिस्क बिघडली तर ही दुसरी प्रत कामाला येते. चोर आला, आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही प्रती सोबतच जातात.

हंगामाची बारा लग्नं धरू. 7.2 टीबी.

29 जून 2023, देवशयनी एकादशी

लग्नं थांबली. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, त्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि तुळशीचं लग्न थेट 24 नोव्हेंबरला. फोटोग्राफरसाठी हा काळ रिकामा नसतो. अल्बमची निवड, कलर करेक्शन, सिनेमॅटिकचं एडिटिंग, ग्राहकाचे फोन, सगळं याच दिवसांत चालतं. म्हणजे उन्हाळ्यातला सगळा डेटा स्टुडिओतच असतो आणि त्यातलं बरंचसं ग्राहकाला पोचलेलं नसतं. नागपूरचा पावसाळाही नेमका याच दिवसांत. धोका आणि डेटा, दोन्ही वर्षाच्या याच काळात सर्वात जास्त.

या डेटाची एक प्रत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून शहराबाहेर ठेवायची तर थोडा हिशोब करावाच लागेल, कारण या विषयात सगळं त्यावरच ठरतं. इंटरनेटचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. अपलोडचा खरा वेग 100 एमबीपीएस मिळत असेल, तर एका लग्नाचे 600 जीबी वर जायला 13 तास 20 मिनिटं लागतात. बारा लग्नांना 160 तास. रात्री अकरा ते सकाळी नऊ असे रोज दहा तास लाइन या कामाला लावली, तर सोळा रात्री.

जोडणी साधी असेल आणि अपलोडला जेमतेम 20 एमबीपीएस मिळत असतील, तर पाचपट, म्हणजे 800 तास. ऐंशी रात्री. देवशयनी एकादशीपासून 21 सप्टेंबरपर्यंत किती रात्री होत्या? पंच्याऐंशी.

हा आकडा मी पुन्हा पुन्हा तपासला. कमी वेगाच्या लाइनवरून, दिवसा एडिटिंगला किंवा घरच्यांना अजिबात न अडवता, फक्त झोपेच्या वेळात, त्या हंगामातली एकूण एक फाइल पाणी येण्याआधी शहराबाहेर पोचू शकत होती. "आपल्याकडचं नेट क्लाउडच्या कामाचं नाही" हे वाक्य या धंद्यात सर्रास ऐकू येतं. ते एका रात्रीपुरतं खरं आहे, पंच्याऐंशी रात्रींना लागू पडत नाही.

आणि सगळं चढवणं झेपत नसेल, तर क्रम लावता येतो. बारा लग्नांचे नुसते रॉ फोटो 1.8 टीबी भरतात आणि 100 एमबीपीएसवर चाळीस तासांत, चार रात्रींत जातात. त्या वर्षी गूगल वनची 2 टीबी जागा महिन्याला 650 रुपयांना मिळत होती. लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, एडिटिंगच्या प्रोजेक्ट फाइली, तयार झालेले चित्रपट हे तर त्याहून लहान, पण महिन्यांची मेहनत त्यांतच असते. ते रोजच्या रोज गेले पाहिजेत. व्हिडिओचं ओझं मोठं आहे. त्याची दुसरी डिस्क मानेवाड्याच्या किंवा जरीपटक्याच्या नातेवाइकाकडे दुसऱ्या मजल्यावर ठेवली तरी नाग नदीच्या पुरापुरतं काम झालं असतं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी फोटोग्राफरांसाठी लिहिला आणि पुढे संगणकाच्या सगळ्या जगाने उचलला. आपल्याच व्यवसायात जन्मलेला नियम आपल्याच व्यवसायात पाळला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

22 सप्टेंबर, शुक्रवार, दुपार

महालक्ष्म्यांच्या पूजेचा दिवस. गणपती बसून चौथा दिवस, आणि नागपूरच्या घराघरांत ज्येष्ठा-कनिष्ठा मांडलेल्या. पुरण, आंबील, सोळा भाज्या, दाराशी चपलांचा ढीग. आता फोटो काढायला कोणी फोटोग्राफर लागत नाही, प्रत्येक हातात मोबाइल आहे. त्या दुपारी शहरात किती फोटो निघाले असतील याची मोजदाद नाही. त्यातले पुष्कळसे रात्री आपोआप क्लाउडवर गेलेही असतील. सामान्य घराचा फोटोसंग्रह व्यावसायिकापेक्षा सुरक्षित असतो तो असा, नकळत.

पण तिथेही एक गोष्ट तपासायची राहते. गूगल फोटोजमध्ये जागा वाचवणारा पर्याय निवडलेला असेल, तर फोटो 16 मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ 1080पी पर्यंत आक्रसून साठवले जातात. मूळ फाइल हवी असेल तर मूळ दर्जाचा पर्याय आपण होऊन निवडावा लागतो. फुकटची अमर्याद जागा 1 जून 2021 ला बंद झाली आणि पंधरा जीबी भरले की बॅकअप थांबतो. तशी सूचना येते, पण ती फारसं कोणी वाचत नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवणं हा बॅकअप नव्हे. तिथे फोटो पोचतो, त्यातला ऐवज वाटेतच गळतो.

रात्री 11

जेवणं आटोपली. स्टुडिओचा संगणक बंद, राउटर चालू. लाइन मोकळी.

मध्यरात्रीनंतर

पावसाने जोर धरला. ढगांचा असा गडगडाट बऱ्याच वर्षांत ऐकला नसल्याचं नंतर अनेकांनी सांगितलं. पश्चिमेकडून वाडी-लाव्हाच्या टेकड्यांवरचं पाणी ओढ्यांतून अंबाझरीत येतं. तलाव दीडशे वर्षांहून जुना आणि सप्टेंबरअखेर आधीच भरलेला. त्याच्या सांडव्यापासून नाग नदी निघते आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउटच्या पाठीमागून सीताबर्डीकडे जाते. नदीकाठ वर्षानुवर्षं भिंतींनी, रस्त्यांनी, बांधकामांनी आवळत गेला. सांडव्यासमोर उभ्या असलेल्या स्मारकामुळे पाण्याची वाट अडली की नाही, हा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला.

पहाटे 2 ते 4

चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, असं प्रशासनाने नंतर सांगितलं. समजा, आमच्या फोटोग्राफरला पावसाच्या पहिल्याच सरीला जाग आली, धोका कळला आणि त्याने उठून अपलोड सुरू केलं. 100 एमबीपीएसवर चार तासांत 180 जीबी जातात. एका लग्नाचे रॉ फोटो आणि वर थोडंसं. 20 एमबीपीएसवर फक्त 36 जीबी, हळदीच्या फोटोंपुरते. उरलेली अकरा लग्नं टेबलावरच.

म्हणून आपत्तीच्या वेळी क्लाउड उपयोगाचा नसतो, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. त्याचा उपयोग संपूर्णपणे आधीच्या दिवसांत असतो. त्या घटकेला हातात धरून वरच्या मजल्यावर पळण्यासारखी वस्तू डिस्क हीच आहे. पण पहाटे चारला, अंधारात, म्हातारी आई आणि मुलं घरात असताना, डिस्क शोधत बसा असं मी कोणालाही सांगणार नाही. माणसांकडेच धावलं पाहिजे. फाइलींची चिंता अशा क्षणी कोणाच्या डोक्यावर असू नये, यासाठीच तर ती आधी मिटवायची.

पहाटे 4 नंतर

पाणी दारांतून आलं, काही ठिकाणी गटारांतून वर आलं. झोपेतल्या माणसांना खाटेखाली पाणी लागून जाग आली. पाणी शिरलेल्या भागांत वीज बंद करावी लागली. वीज गेली, राउटर गेला, लाइनही गेली.

टेबलाखालच्या संगणकाचा डबा जमिनीपासून चार इंचांवर असतो, ड्रॉवर दीड फुटावर. गुडघाभर पाणी दोन्हींना पुरतं.

पहाटे 5.30

विमानतळावरच्या हवामान केंद्रात या वेळेपर्यंत 106 मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

सकाळ

राज्य आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं बोटी घेऊन वस्त्यांत शिरली. लष्कराच्या तुकड्याही बोलावल्या गेल्या. मूकबधिर शाळेतली मुलं, एलएडी कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुली, पहिल्या मजल्यावर अडकलेली म्हातारी माणसं बाहेर काढली गेली. सुमारे चारशे लोकांना सुरक्षित जागी हलवलं. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. पंचशील चौकातल्या पुलाचा भाग खचला. शाळांना सुटी जाहीर झाली. महालक्ष्म्यांच्या विसर्जनाचा तो दिवस होता.

दुपार, पाणी ओसरल्यावर

घरोघर झाडू, बादल्या, चिखल. आणि इथे एक दुसरी आपत्ती घडते, जी टाळता येण्यासारखी असते. माणूस भिजलेली डिस्क पुसतो, उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली वाळवतो आणि लावून बघतो. चालते का, एवढंच पाहायचं असतं. तिथे डेटा कायमचा जातो.

बहुतेक साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राखायला एक बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आणि गाळ आत जातो. आतलं वाचक टोक तबकडीपासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. गाळाचा कण मध्ये आला आणि तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरू लागली, की पृष्ठभाग खरवडला जातो. खरवडलेलं कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. न लावलेली भिजकी डिस्क मात्र पुष्कळदा वाचवता येते. तिला वीज देऊ नये, उघडू नये, तांदळात पुरू नये, वाळवूही नये, कारण गाळ वाळला की तबकडीला घट्ट चिकटतो. ओलसर कापडासह हवाबंद पिशवीत ठेवून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी. मेमरी कार्डं जास्त चिवट असतात. त्यांत हलणारा भाग नसतो, स्वच्छ करून पूर्ण वाळल्यावर ती अनेकदा वाचतात. पण हंगामातली कार्डं केव्हाच फॉरमॅट झालेली होती.

नंतरचे आठवडे

पाणी शिरलेल्या कुटुंबांना 10 हजार, दुकानदारांना 50 हजारांपर्यंत, टपरीधारकांना 10 हजारांपर्यंत मदत सरकारने जाहीर केली. संगणक पुन्हा घेता येतो, कर्ज काढून कॅमेराही. ग्राहकाच्या घरी जाऊन "तुमच्या लग्नाचं काही उरलं नाही" हे सांगण्याची भरपाई कुठून आणायची? मे महिन्यातल्या लग्नात नाचलेले आजोबा सप्टेंबरपर्यंत नसतील, तर त्या घराचं काय गेलं, हे मला लिहून सांगता येणार नाही.

अशा नुकसानीची मराठी माणसाला जुनी ओळख आहे. 8 जानेवारी 2003 ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेट फिल्मची पाच हजारांहून अधिक रिळं जळाली. आपल्या मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या काळाचा मोठा ठेवा त्या कोठारात होता. तिथेही प्रश्न हाच होता: दुसरी प्रत कुठे आहे?

क्लाउडवर टाकलं की हा प्रश्न सुटला, असं समजणंही घातक आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाच्या इमारतीतल्या डिस्क, आणि इमारती जळतात. 10 मार्च 2021 ला मध्यरात्रीनंतर फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर पूर्ण खाक झालं. ज्या ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यातल्या अनेकांचं सगळं गेलं. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा 858 टीबीचा साठा नष्ट झाला. त्या साठ्याचा बाहेर कुठेही बॅकअप नव्हता. कारण असं सांगितलं गेलं, की आकार फार मोठा होता. नागपूरच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत दिलं जाणारं कारण आणि जगातल्या एका अतिप्रगत सरकारने दिलेलं कारण एकच निघालं.

आणखी एक घोटाळा, जो आगीशिवाय होतो. ड्राइव्हशी जोडलेलं फोल्डर दोन्हीकडे सारखं ठेवणं, म्हणजे सिंक, हा बॅकअप नव्हे. संगणकावर जागा करायला फोल्डर उडवलं, की ते वरूनही उडतं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तीस दिवस राहतं आणि मग जातं. फोटोग्राफरला हे चाळिसाव्या दिवशी कळतं, अल्बमची छपाई करताना. म्हणून वर चढवलेली प्रत वेगळी असावी, कामाच्या फोल्डरशी न बांधलेली. जुन्या हंगामांसाठी ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हसारखे स्वस्त वर्ग आहेत. तिथून फाइल परत मागितली की बारा तासांपर्यंत किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं आणि उतरवण्याचे पैसे वेगळे पडतात, हे आधी माहीत असलेलं बरं. पण ज्या लग्नाचा अल्बम देऊन दोन वर्षं झाली, त्याला बारा तासांची घाई नसते.

नागपूर-विदर्भातल्या सगळ्या फोटोग्राफर बंधू-भगिनींना आणि घरच्या मोबाइलमध्ये वीस वर्षांचे फोटो सांभाळणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. आज रात्री झोपण्याआधी एका लग्नाचं, एका सणाचं, एका वर्षाचं फोल्डर वर चढवायला लावा. राउटर तसाही चालूच असतो. आठ दिवसांनी त्यातली एक रॉ फाइल दुसऱ्याच संगणकावर परत उतरवून उघडून पाहा. ती उघडली, तरच बॅकअप झाला असं धरा आणि मगच कार्ड फॉरमॅट करा.